ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि फिनॉलची आम्लता

अल्कोहोल आणि फिनॉल या दोहोंतही हायड्रॉक्सिल (OH) गटच असताना फिनॉल आम्लासारखे कॉस्टिक सोड्याशी (सोडियम हायड्रॉक्साइड या अल्कलीशी) अभिक्रिया करते आणि अल्कोहोल करत नाही, हे बारावीच्या विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेण्यापेक्षा त्यांना डोळ्यांनी पाहू द्यावे, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी प्रत्यक्ष फिनॉल मात्र वापरू नये, कारण ते त्वचा भाजते आणि सुमारे ४१ अंशांना वितळत असल्यामुळे ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात ते बाटलीतच पातळ होते. त्याऐवजी काष्ठौषधींच्या दुकानातून ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल आणावे. अमृतधारा करताना कापरासोबत हीच दोन घेतात. एकमेकांना लागताच ती पाझरू लागतात, म्हणून पुड्या वेगळ्या बांधून घ्याव्यात.

ओव्याचे फूल म्हणजे थायमॉल, ते फिनॉल. पुदिन्याचे फूल म्हणजे मेन्थॉल, ते अल्कोहोल. दोन्ही रेणूंचा कार्बनचा सांगाडा एकच आहे, फक्त थायमॉलचे वलय बेन्झीनचे आणि मेन्थॉलचे संपृक्त, म्हणजे फक्त एकेरी बंधांचे, आहे. तुलनेसाठी याहून चांगली जोडी मला माहीत नाही.

चष्मा व हातमोजे घालून ५ ग्रॅम कॉस्टिक सोडा थोडा थोडा करत पाण्यात टाकावा व द्रावण १०० मिलिलिटर करावे; पाणी सोड्यावर ओतू नये. ते थंड झाल्यावर दोन परीक्षानळ्यांत ५-५ मिलिलिटर घ्यावे आणि हरभऱ्याच्या डाळीएवढा खडा बारीक करून एकीत थायमॉल, दुसरीत मेन्थॉल टाकावे. बूच लावून हलवत राहिल्यास थायमॉल विरघळते, मेन्थॉल तरंगत राहते. मेन्थॉल ४२ अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे हा प्रयोग हिवाळ्यात किंवा सकाळच्या गारव्यात करावा, नाहीतर तेलकट थेंब पाहून विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो. पहिल्या नळीत सुमारे १० मिलिलिटर व्हिनेगर हळूहळू घातले की द्रावण दुधाळ होऊन थायमॉल परत बाहेर येते.

कारण समजावताना हायड्रोजन आयन निघून गेल्यावर मागे काय उरते, याकडे लक्ष वेधावे. फिनॉलमधून उरणाऱ्या फिनॉक्साइड आयनातील ऋणप्रभार ऑक्सिजनवर अडकून न राहता वलयाच्या ऑर्थो (शेजारच्या) आणि पॅरा (समोरच्या) स्थानांवर पसरतो, त्यामुळे तो आयन स्थिर होतो. अल्कोहोलमधून उरणाऱ्या अल्कॉक्साइडला अशी सोय नाही. फिनॉलचा पीकेए (आम्लतेचा आकडा; तो जितका कमी तितके आम्ल प्रबळ) सुमारे १० आणि इथेनॉल या अल्कोहोलचा सुमारे १६ आहे, आणि हे मापन लघुगणकी (एका अंकाचा फरक म्हणजे दहा पट) असल्यामुळे सहाचा फरक म्हणजे दहा लाख पट आम्लता, हे फळ्यावर शून्ये मांडूनच दाखवावे.

शेवटी तीन नळ्यांत खायच्या सोड्याचे द्रावण घेऊन थायमॉल, मेन्थॉल आणि व्हिनेगर वेगवेगळे घालावे. बुडबुडे फक्त व्हिनेगरच्या नळीत येतात, कारण खायच्या सोड्यातून वायू काढायला कार्बोनिक आम्लापेक्षा प्रबळ आम्ल लागते आणि फिनॉल अल्कोहोलपेक्षा प्रबळ असले तरी कार्बोनिक आम्लापेक्षा दुर्बलच आहे.