वर्ल्ड्स एंडचा कडा: सोलापूरहून जाणाऱ्यांसाठी

श्रीलंकेतील होर्टन प्लेन्स राष्ट्रीय उद्यानाचे पठार २,१०० मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि दक्षिणेकडे ते एकाएकी तुटते. या कड्याला ‘वर्ल्ड्स एंड’ म्हणतात. त्याच्या माथ्यावरून सुमारे ८७० मीटर खोल दरी दिसते.

हा कडा पाहायला मिळणे सर्वस्वी वेळेवर अवलंबून आहे. ऊन चढले की खालच्या खोऱ्यातील दमट हवा कड्याच्या अंगाने वर येते, थंड होते आणि तिचे धुके बनते; त्यामुळे नऊ-दहानंतर बहुधा काहीच दिसत नाही. पहिल्या खेपेस आम्ही न्याहारी आटोपून निघालो, साडेदहाला कड्यावर पोहोचलो आणि पाऊण तास पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहून परतलो. म्हणून मुक्काम नुवारा एलियात करावा, गाडी आदल्या रात्रीच ठरवावी आणि पहाटे पाचपूर्वी निघावे. अंतर सुमारे ३२ किलोमीटर असले तरी रस्ता घाटाचा आहे.

जानेवारी ते मार्च हा कोरडा काळ सर्वांत चांगला. मात्र आपल्याकडे पंखे सुरू होण्याच्या त्या दिवसांत तिथे पहाटे कधी कधी गवतावरचे दहिवर गोठलेले असते, तेव्हा स्वेटर, कानटोपी आणि चांगली पकड असलेले बूट हवेतच. उद्यानात प्लॅस्टिकला मनाई असून प्रवेशद्वारावर पिशव्या तपासतात. आपली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सुती फडक्यात बांधून न्यावी. ती टिकतेही आणि तपासणीत अडचणही येत नाही.

पायवाट सुमारे साडेनऊ किलोमीटरची, वर्तुळाकार आहे. त्यासाठी तीन-चार तास लागतात. चढ फारसा नाही, पण दगड आणि मुळे पायाखाली येतात; निघण्यापूर्वी महिनाभर कंबर तलावाभोवती रोज तासभर चालण्याची सवय केली तरी पुरते. आधी कड्याकडे जाणारी वाट धरावी. वाटेत सुमारे २७० मीटर खोलीचा लहान कडा लागतो. तिथे फार रेंगाळू नये. मुख्य कड्यावर हवा स्वच्छ असेल तर खाली चहाचे मळे आणि दूर दक्षिणेला समुद्राची फिकट रेघ दिसते. काठाची माती दवाने निसरडी असते, म्हणून छायाचित्रासाठीही काठापासून दूरच राहावे आणि मुलांचा हात सोडू नये.

बेकर्स धबधबा परतीच्या वाटेवर आहे; त्याला धुक्याची अडचण नाही, तो निवांत पाहावा. गवताळ भागात सांबरे अगदी जवळ येतात, परंतु त्यांना भाकरीचा तुकडाही देऊ नये.