एका पियानोवर चार हात: मूल आणि पालक

सुरुवातीला संगीतकार डियाबेलीचा ओपस १४९ (चार हातांसाठीच्या तुकड्यांचा संग्रह) घ्या. त्यातल्या २८ तुकड्यांत वरचा भाग, म्हणजे प्रिमो, पाच सुरांत बसतो. मुलाला हात सरकवावा लागत नाही. खालचा सेकोंदो पालकाचा.

मूल उजवीकडे बसेल. एका बाकापेक्षा दोन स्टुलं बरी, दोघांच्या उंचीप्रमाणे. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा, नाहीतर खांदे ताठरतात. सूर लांबवणारं पेडल फक्त पालकाचं, पण कान मुलाच्या सुरावटीकडे हवा. केवळ स्वतःच्या बेसप्रमाणे दाबलं तर वरचे सूर गढूळ होतात.

खरी अडचण मध्यावर येते. पालकाचा उजवा आणि मुलाचा डावा हात एकमेकांना अडतात. त्या जागा पेन्सिलने खुणावून कोणाचं मनगट वर राहील ते ठरवा. एकच पट्टी पाठोपाठ दोघांना लागत असेल तर पहिल्याने ती लवकर सोडावी, नाहीतर दुसऱ्याचा सूर उमटतच नाही.

आधी पालकाचा डावा आणि मुलाचा उजवा, एवढेच दोन हात मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून जुळवा. मूल अडखळलं तरी पालकाने ताल सोडू नये. दर चार मात्राखंडांवर (स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेषांमधला भाग म्हणजे एक मात्राखंड) आकडा लिहून ठेवा आणि तो मोठ्याने म्हणा, म्हणजे मुलाला परत शिरता येतं.