गिटारचा सिलेक्टर आणि वायरिंग: नवा पिकअप मागवण्याआधी या चुका टाळा

सोलापुरात इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी पोरं आता बरीच झालीत, कॉलेजचे बँड आहेत, चर्चमध्ये वाजवणारे आहेत, ऑर्केस्ट्रावाले तर आधीपासून आहेतच, पण गिटार उघडून आतलं वायरिंग बघणारा माणूस शोधायला गेलं की पटकन सापडत नाही, मग एकतर पुण्याला पाठवा नाहीतर स्वतःच बसा. स्वतः बसणं चांगलंच आहे, शिकायला मिळतं. फक्त सगळ्यात महाग पडणारी चूक पहिल्याच मिनिटाला होते, सिलेक्टरच्या, म्हणजे कुठला पिकअप वाजणार ते निवडणाऱ्या स्विचच्या, एका पोझिशनला आवाज गेला की लगेच "पिकअप उडालाय बे, नवा मागवालो".

जरा थांबा. पिकअप म्हणजे तारांचं कंपन पकडणारी, चुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. त्यात हलणारं काहीच नाही, त्यामुळे तो सहसा जात नाही. जातो तो स्विच, ढिला होतो तो जॅक (केबल खुपसायचं भोक), सुटतं ते सोल्डर. आणि हे ओळखायला गिटार उघडावीसुद्धा लागत नाही.

आधी मल्टीमीटर, मग स्क्रू ड्रायव्हर

केबल गिटारला लावा, दुसरं टोक ॲम्पला न लावता हातात ठेवा. सगळे नॉब १० वर. मीटर २० किलोओहमच्या रेंजवर घेऊन एक प्रोब प्लगच्या टोकाला, दुसरा प्लगच्या दांड्याला लावा आणि सिलेक्टर एकेक पोझिशनला फिरवत आकडे कागदावर लिहून घ्या. साधा सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा पिकअप) असेल तर ५ ते ७ किलोओहमच्या आसपास येतं, हमबकर (दोन गुंडाळ्यांचा) असेल तर साधारण ७ ते ९, जास्त आउटपुटचा असेल तर त्याहून वर. दोन पिकअप एकत्र चालू असतील तर आकडा निम्म्यावर येतो कारण ते पॅरललमध्ये असतात, तिथे घाबरायचं काही नाही.

आता खरी मजा. एखाद्या पोझिशनला २० के, म्हणजे किलोओहमच्या, रेंजवर काहीच दिसत नसेल तर रेंज वाढवून बघा. फेंडरच्या स्ट्रॅटसारख्या गिटारवर २५० के च्या जवळचा आकडा आला तर तुम्हाला दिसतोय तो व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा कमी-जास्त होणारा रेझिस्टन्स), म्हणजे जॅक ठीक आहे, पॉट ठीक आहे, पण त्याच्या पुढे स्विचपासून पिकअपपर्यंत कुठेतरी जोडणी तुटलीय. शून्याच्या जवळ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मोठ्या रेंजवरसुद्धा काहीच नाही आलं तर जॅक, नाहीतर जॅकची वायर, नाहीतर केबलच गेलेली. लेस पॉलसारख्या गिटारीत मात्र व्हॉल्यूम आधी आणि स्विच नंतर असतो, त्यामुळे तिथे अर्थ बदलतो, ५०० के दिसलं तर पिकअपची वायर सुटलीय आणि काहीच नाही दिसलं तर संशय स्विचवर घ्या. मोजताना बोटं प्रोबच्या धातूला लावू नका, मोठ्या रेंजवर अंगाचा रेझिस्टन्स मध्ये घुसतो आणि आकडा चुकतो. आणि बॅटरीवर चालणारे ॲक्टिव्ह पिकअप असतील तर ही पद्धत चालत नाही, तिथे आधी बॅटरी बदलून बघा.

एवढं केलं की नव्या पिकअपचे हजारो रुपये बहुतेक वेळा वाचतात.

खरखर करतोय म्हणजे स्विच गेलाच असं नाही

सोलापूरची धूळ सगळ्यांना माहितीय, आणि पूर्व भागात ज्यांच्या घरात किंवा शेजारी यंत्रमाग आहेत त्यांच्याकडे धुळीत कापसाची तुसं पण असतात. ही तुसं सिलेक्टरच्या फटीतून आत जातात, उन्हाळ्यात हाताचा घाम लागतो, आणि कॉन्टॅक्टवर थर बसतो. मग पोझिशन बदलताना कटकट, मधेच आवाज गायब, स्विच जरा दाबून धरला की परत चालू. यावर उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर, टीव्ही-मोबाइल रिपेअरवाल्यांकडे असतो. थेट कॉन्टॅक्टवर थोडाच मारा आणि स्विच पुढेमागे चांगला वीस-तीस वेळा फिरवा. गाडीच्या बिजागरीला मारायचा साधा गंजरोधक स्प्रे मारू नका, तो तेलकट थर सोडतो आणि महिन्याभरात त्यावर दुप्पट धूळ चिकटते. पॉलिश पेपर तर अजिबात नको, कॉन्टॅक्टवरचा मुलामा निघून गेला की तो स्विच कायमचा बाद. लेस पॉलच्या टॉगलला, म्हणजे दांडीच्या स्विचला, पत्र्याच्या पट्ट्या असतात, तिथे जाडसर कागदाची पट्टी दोन कॉन्टॅक्टच्या मध्ये धरून हळूच ओढली तरी पुष्कळ घाण निघते.

टॉगलचा अजून एक रोग आहे. वरचा नट ढिला होतो, मग वाजवता वाजवता सगळा स्विचच खाली गोल फिरत राहतो, वायरी पिळल्या जातात आणि एक दिवस तुटतात. नट वरून आवळताना खालून स्विच धरून ठेवा, नाहीतर आवळण्यातच वायर तुटते.

डायग्राम बरोबर, स्विच वेगळा

हा घोळ मी सगळ्यात जास्त बघतो. नेटवरून डायग्राम काढला, त्यात स्विचच्या दोन बाजूंना चार-चार पिना दाखवल्यात, आणि हातातल्या गिटारमध्ये आहे बंद डब्याचा स्विच, एकाच ओळीत आठ पिना. पोरं अंदाजाने डावीकडून मोजत जोडतात आणि मग नेकच्या (मानेजवळच्या) पिकअपच्या पोझिशनला ब्रिजचा (तारा अडकवतात तिकडचा) वाजतो, दोन नंबरला काहीच वाजत नाही. पिनांचा क्रम कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून अंदाज नको, मीटरचा कंटिन्युइटीचा बीप (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो तो) वापरा. पाच पोझिशनच्या साध्या स्विचमध्ये दोन स्वतंत्र गट असतात, प्रत्येकात एक कॉमन आणि तीन बाकीच्या. जी पिन प्रत्येक पोझिशनला तिच्या गटातल्या कुठल्या ना कुठल्या पिनेशी बीप देते ती कॉमन. दोन आणि चार नंबरला ती एकाच वेळी दोन पिनांशी बीप देणार. हे सगळं कागदावर काढा, मग इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, गरम करायला लावा.

त्या दोन आणि चार नंबरबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय. फेंडरची स्ट्रॅट १९५४ मध्ये आली तेव्हा स्विच तीनच पोझिशनचा होता, वाजवणारे तो मधे अडकवून ठेवायचे कारण तो आवाज आवडायचा, आणि १९७७ मध्ये कंपनीने पाच पोझिशनचा स्विच दिला. त्या आवाजाला बरेच जण "आउट ऑफ फेज", म्हणजे दोन पिकअपचे सिग्नल एकमेकांच्या उलट, म्हणतात पण तिथे दोन्ही पिकअप फेजमध्येच असतात, फक्त पॅरललमध्ये. खरा आउट ऑफ फेज आवाज ऐकलात की कळेल, बास गायब, पातळ, नाकातून आल्यासारखा, आणि व्हॉल्यूम पण पडलेला. पिकअप बदलल्यावर असं झालं तर एका पिकअपच्या दोन वायरी उलट करा. फक्त टेलीचा (फेंडरच्याच टेलिकास्टरचा) नेक पिकअप असेल तर सावध, त्याचं पत्र्याचं कव्हर ग्राउंडच्या वायरीला जोडलेलं असतं, ती जोडणी आधी वेगळी करून कव्हरला स्वतंत्र ग्राउंड द्या, नाहीतर कव्हरच हॉट (सिग्नलच्या वायरीला जोडलेलं) होईल आणि हात लावला की घूं वाजेल. टेलीला चार पोझिशनचा सिरीजवाला (दोन पिकअप एकामागे एक जोडणारा) स्विच टाकतानाही हेच लागू.

हमबकरच्या वायरींचे रंग बघून जोडू नका, कंपनी बघून जोडा. सेमोर डंकनमध्ये काळी हॉट, हिरवी ग्राउंड, लाल-पांढरी एकमेकींना. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, हिरवी ग्राउंड, काळी-पांढरी एकमेकींना. म्हणजे एकात काळी हॉट आणि दुसऱ्यात तीच आतली जोडणी. एकाचा डायग्राम दुसऱ्याला लावला तर पुश-पुलवर (ओढून-दाबून चालणाऱ्या पॉटवर) कॉइल स्प्लिट करताना, म्हणजे हमबकरची एकच कॉइल वाजवताना, हमखास गोंधळ होतो. बिननावाचा पिकअप असेल तर चार वायरींतून मीटरने दोन जोड्या शोधा, प्रत्येक जोडी म्हणजे एक कॉइल. मग मीटर ओहमवर ठेवून लोखंडी स्क्रू ड्रायव्हर कॉइलला चिकटवून झटकन ओढा, आकडा क्षणभर वर जातो किंवा खाली. दोन पूर्ण पिकअप तपासताना दोघांचा आकडा एकाच दिशेला गेला पाहिजे. आणि स्प्लिट केल्यावर आवाज जरा कमी झाला, घूं परत आली, तर ते असंच असतं, सिंगल कॉइल वाजतोय तुमचा.

पॉट मागवताना तर आधी फूटपट्टी घ्या. अमेरिकन साइजच्या पॉटला साधारण साडेनऊ मिमीचं भोक लागतं आणि आपल्याकडच्या स्वस्त गिटारींना बऱ्याचदा ८ मिमीच्या आसपास असतं, नॉबचे दातेसुद्धा जुळत नाहीत. सिंगल कॉइलला २५० के, हमबकरला ५०० के हा सर्वसाधारण नियम, उलट टाकलं तर आवाज नको तितका टोकदार किंवा दबलेला वाटतो.

सोल्डर

मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करून बसणं म्हणजे शिक्षा आहे हे मान्य, पण फुल पंख्याखाली सोल्डर मारलं की जॉइंट नीट वितळायच्या आत गार होतो, वरून मातकट, दाणेदार दिसतो, आणि हाच तो ड्राय सोल्डर जो आठवड्याने आवाज घालवतो. पंख्याचं तोंड बाजूला करा, खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात घेऊ नका. २५ वॉटच्या इस्त्रीने स्विचच्या पिना होतात पण पॉटच्या पाठीला ती कमी पडते, मग पोरं अर्धा मिनिट दाबून धरतात आणि पॉट आतून भाजतो. तिथे ४० ते ६० वॉटची घ्या, पाठ आधी खरवडून घ्या, तीन-चार सेकंदात काम झालं पाहिजे. पत्र्याच्या कामाची ॲसिडवाली पेस्ट वापरू नका, नंतर वायर खाऊन टाकते.

अशोक चौकाकडच्या एका मित्राची टेली अशीच बघितली होती. उघडी ठेवली की मस्त वाजायची, प्लेटचे दोन स्क्रू आवळले की मुकी. आत सगळीकडे तांब्याची शिल्डिंग टेप (घूं अडवायला लावतात ती) लावलेली, छान हाताने लावलेली, पण टेलीचा तो खड्डा मुळात अरुंद, आणि प्लेट बसली की स्विचची कॉमन पिन कडेच्या टेपला टेकत होती, म्हणजे सिग्नल थेट ग्राउंडला. पिनेच्या बाजूला टेपवर इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला आणि पिन जराशी आत वाकवली, झालं. शिल्डिंग केल्यानंतर गिटार मेली तर सगळ्यात आधी हेच बघा.

घूं आवाज आणि मांडवातलं अर्थिंग

तारांना हात लावला की घूं कमी होते, हे बरोबर आहे, याचा अर्थ ब्रिजची ग्राउंड वायर ठीक आहे. हात लावल्यावर काहीच फरक पडत नसेल तर ती वायर सुटलीय. आणि हात लावल्यावर घूं वाढत असेल तर जॅकवर हॉट आणि ग्राउंड उलटे झालेत, दोन वायरी बदला.

पण गिटार निर्दोष असून घूं करते आणि गाताना माइकला ओठ लागला की झटका बसतो, तेव्हा स्विच उघडत बसू नका, दोष मांडवात आहे. गणपतीत, गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, कुठल्याही उघड्यावरच्या कार्यक्रमात एक्स्टेंशन बोर्डाला अर्थिंग नसतं किंवा थ्री-पिनची जाड पिनच कापलेली असते. तारा ॲम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात, आणि ॲम्पला अर्थिंग नसेल तर आतल्या बिघाडाने आलेला करंट तारांवाटे तुमच्या अंगात येऊ शकतो. हे जीवावरचं आहे. साउंड चेकच्या आधी मीटर एसीच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर ठेवून एक प्रोब तारेला आणि एक माइकच्या जाळीला लावा. एक-दोन व्होल्टच्या वर काहीही दिसलं तर गिटार गळ्यात घालू नका, लाइटवाल्याला बोलवा, अर्थिंग करून घ्या, आणि परत मोजा.