आमवाताची गोळी घेताना या चुका टाळा

परभणीत मेडिकलच्या काउंटरवर माझं सगळ्यात जास्त वेळा बोलून झालेलं वाक्य एकच: ही गोळी रोजची नाही, आठवड्यातून एकदाच.

गोळी म्हणजे मेथोट्रेक्झेट. आमवातात रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. टीएनएफ, आयएल-६ अशी शरीरातलीच द्रव्यं सूज पेटती ठेवतात आणि हाड कुरतडलं जातं. ही गोळी तो भडका शमवते. पण रोज घेतली तर फोलेटचं, म्हणजे नव्या पेशी बनायला लागणाऱ्या जीवनसत्त्वाचं, काम अडतं, आणि भराभर नव्या होणाऱ्या पेशी आधी मरतात: तोंडातल्या, अस्थिमज्जेतल्या.

जिंतूरकडच्या एका मावशींची बोटं कापूस वेचताना वळेनात. औषध सुरू झालं. रोज घेतली की लवकर गुण येईल म्हणून ८ दिवस रोज गोळी. नवव्या दिवशी दुकानात आल्या त्या तोंड येऊन. भाकरी सोडा, पाणी गिळवेना. मी म्हटलं, "मावशी, स्ट्रिप दाखवा." ८ खळगे रिकामे. तसंच दवाखान्यात पाठवलं. पांढऱ्या पेशी पार उतरल्या होत्या. वाचल्या. पण स्ट्रिपवर मी वार लिहिला नव्हता, ते अजून खुपतं.

आता मी आधी विचारतो, "गावचा बाजार कोणत्या वारी?" बाजाराच्या दिवशी गोळी. तो वार स्ट्रिपवर मार्करनं लिहितो आणि एका वेळी ४ आठवड्यांच्याच गोळ्या देतो. फोलिक ॲसिड, म्हणजे फोलेटचीच गोळी, डॉक्टर सांगतील त्या दिवशी, ते वगळायचं नाही. गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात. पंधरवड्यात "फरक नाही" म्हणून सोडणाऱ्यांवर माझा जीव तुटतो, कारण तेच लोक पुढं पुडीकडं वळतात.

दोन दिवसांत चालतं करणारी बिननावाची वाताची पुडी मला अजिबात सहन होत नाही. तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर बनेनासं झालेलं असतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

आरए फॅक्टर ही आमवातासाठीची रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणजे आमवात नाही, असं नसतं. आणि सांधे धरले म्हणजे आमवातच, असंही नाही: चिकुनगुन्यानंतरही सांधे महिनोन्महिने धरतात.

मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा, मेथोट्रेक्झेट गर्भाला घातक आहे.

ताप, तोंड येणं, कोरडा खोकला, धाप: यातलं काही झालं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना गाठा.