दोन रॅकेट जुळवायच्या कशा: वजन, तोल आणि स्विंगवेट घरी मोजण्याची रीत

एकाच मॉडेलच्या, एकाच दिवशी घेतलेल्या दोन टेनिस रॅकेट हातात वेगळ्या लागतात ही तक्रार नेहमीची आहे आणि बहुतेक वेळा खरीही. कारखान्यात वजनात काही ग्रॅमांची आणि तोलबिंदूत काही मिलिमीटरची सूट धरलेली असते. हाताला मात्र सर्वांत आधी कळते ती तिसरीच गोष्ट, स्विंगवेट, म्हणजे रॅकेट फिरवताना ती किती अडते याचे माप. मुठीच्या टोकापासून १० सेंमीवर अक्ष धरून काढलेले हे जडत्व आघूर्ण असते आणि ते किलोग्रॅम-सेंमी² मध्ये सांगतात. गट (जाळीच्या तारा) भरलेल्या प्रौढांच्या रॅकेटमध्ये ते बहुधा ३०० ते ३३० च्या दरम्यान भरते. महागडे यंत्र नसले तरी एक खिळा, फोनमधले स्टॉपवॉच आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा एवढ्यावर काम भागते.

आधी रॅकेट खेळताना असते तशी तयार करा: गट भरलेले, ओव्हरग्रिप (मुठीवरची वरची पट्टी) गुंडाळलेली, डॅम्पनर (तारांचे कंपन दाबणारा रबरी तुकडा) लावत असाल तर तोही लावलेला. इथेच अनेकांचे गणित चुकते. गटाचे वजन १५ ते १८ ग्रॅम असते, पण त्याने स्विंगवेट ३० च्या आसपास वाढते. त्यामुळे एका रॅकेटचा गटाविना छापलेला आकडा दुसरीच्या गटासह मोजलेल्या आकड्याशी ताडला तर निष्कर्ष हमखास उलटा निघतो. ओव्हरग्रिप सुमारे ५ ग्रॅमची. ती अक्षाजवळ असल्याने स्विंगवेट जवळपास हलवत नाही, तोलबिंदू मात्र ३ मिमीहून जास्त मुठीकडे खेचते.

वजन १ ग्रॅमपर्यंत अचूक घ्या, कारण १ ग्रॅमची चूक म्हणजे उत्तरात साधारण १ एककाची चूक. तोलबिंदूसाठी स्टीलची पट्टी कडेवर उभी धरून पक्की बसवा, रॅकेट तिच्यावर आडवी ठेवा आणि ती कुठेच न झुकता थांबेल ती जागा पेन्सिलीने खुणवा. मग मुठीचे टोक भिंतीला टेकवून खुणेपर्यंतचे अंतर मोजा. इथे घाई नको. तोलबिंदू १ मिमी चुकला की स्विंगवेट २ एककांनी हलते. तीनदा मोजून सरासरी घ्या.

आता रॅकेटचा लोलक करायचा. २-३ मिमी जाडीचा गुळगुळीत खिळा भिंतीतून किंवा जड फळीतून आडवा, अगदी समतल बाहेर काढा. रॅकेट उलटी टांगा: मूठ खाली, डोके वर, आणि चौकटीच्या शेंड्याची आतली बाजू खिळ्यावर टेकलेली. उभ्या तारा १६ किंवा १८, म्हणजे सम संख्येत असल्याने बरोबर मधोमध दोन तारांमध्ये फट असते. खिळा तिथून जातो. तो कुठल्याच तारेला घासता कामा नये, नाहीतर दहा-बारा हेलकाव्यांतच रॅकेट मरगळते. मुठीच्या टोकापासून खिळ्याच्या टेकणीपर्यंतचे अंतरही लिहून ठेवा. ते साधारण ६७ सेंमी येईल.

मूठ बाजूला ६ सेंमी ओढून सोडा, घड्याळाच्या लंबकासारखी, जाळीच्याच प्रतलात. १२ सेंमी ओढली तर कोन १० अंशांच्या घरात जातो आणि उत्तर २ एककांनी फुगते. एक-दोन हेलकावे जाऊ द्या. मूठ स्थिर असताना जिथे लोंबते तिथे मागे आधीच एक खूण केलेली असू द्या. मग मूठ या मधल्या खुणेवरून उजवीकडे जाताना घड्याळ चालू करा आणि त्या क्षणाला ‘शून्य’ म्हणा; ती पुन्हा उजवीकडे जाताना खुणेवर आली की एक दोलन पूर्ण. ‘एक’ म्हणून सुरुवात केली की ५० ऐवजी ४९ च दोलने मोजली जातात आणि स्विंगवेट वीसहून जास्त एककांनी कमी निघते. खुणेपाशी मोजायचे कारण असे की मूठ तिथे सर्वांत वेगात असते. टोकाला ती रेंगाळते आणि बोट नेमके कधी दाबावे ते कळत नाही.

दोलने ५० का? बोटाची चूक ०.२ सेकंद धरली तर १० दोलनांवर ती १६ एककांची होते, ५० वर जेमतेम ३ ची. पन्नासपर्यंत टिकत नसेल तर २५-२५ चे दोन फेरे करा.

आकडेमोड एक उदाहरण घेऊन करू. वजन ०.३२० किलो, तोलबिंदू ३२.० सेंमी, खिळा ६७.३ सेंमीवर, ५० दोलनांना ७१.७ सेकंद. दोलनकाल १.४३४ सेकंद. त्याचा वर्ग २.०५६, त्याला २४.८५ ने गुणले की ५१.१. (२४.८५ हा गुरुत्वत्वरण ९८१ ला ४π² ने भागून आलेला आकडा.) खिळा ते तोलबिंदू अंतर ३५.३. आता ५१.१ मधून ३५.३ वजा करून उरलेल्या १५.८ ला ३५.३ ने गुणा: ५५७.७. तोलबिंदूतून १० वजा करून वर्ग घ्या: २२ चा वर्ग ४८४. दोन्हींची बेरीज १०४१.७, गुणिले ०.३२०, म्हणजे ३३३.

हे अजून स्विंगवेट नव्हे. रॅकेट आपण जाळीच्या प्रतलात हलवली, चेंडू मारताना ती त्याला काटकोनात फिरते. सपाट वस्तूच्या बाबतीत या दोन मापांतला फरक म्हणजे दांड्याभोवती रॅकेट पिळताना होणारा विरोध, ट्विस्टवेट. टेनिसच्या रॅकेटमध्ये तो बहुधा १३ ते १५ असतो. १४ वजा करा: ३१९. एकाच मॉडेलच्या दोन रॅकेट ताडायच्या असतील तर ही वजाबाकी सोडली तरी चालते, कारण दोन्हींकडे ती जवळपास सारखीच असते.

जुळवताना नेहमी हलकी रॅकेट जड करायची, उलट नाही. समजा पहिली ३२० ग्रॅम, तोल ३२.० सेंमी, स्विंगवेट ३२०. दुसरी ३१६ ग्रॅम, ३१.८ सेंमी, ३१२. शेंड्यावर, म्हणजे ६८ सेंमीवर, लावलेली १ ग्रॅमची शिशाची पट्टी स्विंगवेट ३.४ ने वाढवते. चौकटीच्या दोन्ही कडांना, ५३ सेंमीच्या आसपास, लावलेला १ ग्रॅम फक्त १.८ ने. हिशेब साधा आहे: अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग गुणिले किलोमधले वजन. ८ एकके हवी आहेत, म्हणून शेंड्यावर २.४ ग्रॅम. त्याने तोल ३२.१ वर सरकतो, वजन ३१८.४ होते. उरलेले १.६ ग्रॅम मुठीच्या वरच्या टोकाला, साधारण १७.५ सेंमीवर, ग्रिपखाली लावले की वजन ३२० आणि तोल ३२.० दोन्ही बसतात आणि स्विंगवेट तसूभरही हलत नाही. क्रम उलटा केलात, आधी वजन जुळवून मग स्विंगवेटच्या मागे लागलात, तर पट्ट्या सोडवत बसावे लागेल.

शिशाची पट्टी कात्रीने कापा, वजन करूनच चिकटवा, चौकट आधी स्पिरिटने पुसून घ्या. शिसे विषारी आहे. काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि पट्टीवर टेप ओढा. घरात लहान मूल असेल तर सरळ टंगस्टनची पट्टी घ्या.

रॅकेट जुळल्या तरी गट वेगळे असतील तर सगळी मेहनत वाया जाते. डॅम्पनर काढून जाळीवर बोटाची टिचकी मारा आणि फोनमधल्या वारंवारता दाखवणाऱ्या अॅपवर आकडा पाहा. ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ५६० हर्ट्झची जाळी ५३२ वर आली, म्हणजे आवाज ५ टक्के उतरला, तर ताण सुमारे १० टक्के गेला. पॉलिएस्टर सुरुवातीलाच बराच ताण सोडते, नैसर्गिक गट सर्वांत चांगला टिकवतो. हा आकडा त्याच रॅकेटमध्ये, त्याच गटासाठी ताडायचा. वेगळ्या जाडीच्या तारांशी तुलना निरर्थक.

शेवटी खेळून पाहणे आहेच, पण डोळसपणे नव्हे. दोन्हींवर एकसारखी टेप लावून कुठली कोणती ते खेळाडूपासून लपवा. नीट शरीर तापवल्यावर १० सर्व्हिस पहिलीने, २० दुसरीने, पुन्हा १० पहिलीने. सरळ २०-२० घेतल्या तर दुसऱ्या रॅकेटच्या वाट्याला थकलेला खांदा येतो आणि दोष तिच्यावर जातो. आत पडलेल्या सर्व्हिस मोजा, खेळाडूचे मत नंतर विचारा. स्विंगवेट वाढवलेले असेल तर ही चाचणी त्याच दिवशी लांबवू नका. मनगट आणि कोपराला नव्या भाराची सवय काही सत्रांत होते, आणि तोवर कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागले तर शेंड्यावरची पट्टी निम्मी करा.

बॅडमिंटनच्या रॅकेटलाही हीच रीत लागू पडते, फक्त खिळ्याऐवजी बारीक सुई आणि ०.१ ग्रॅमचा काटा हवा. ८० ते ८९ ग्रॅमच्या रॅकेटमध्ये १ ग्रॅमची चूक सव्वा टक्क्याच्या आसपास जाते.