वॉटर ट्रीटमेंट ऑपरेटरची परीक्षा: मी कुठं आपटलो ते वाचा

मी काय हुशार पोरगा नव्हे. ऑपरेटरचं सर्टिफिकेट मला दुसऱ्या खेपेला मिळालं. पहिल्या खेपेला आपटलो, आणि ते पण कशावर तर टक्केवारीवर, जी शाळेतच शिकवतात. आज सांगलीजवळ एका फिल्टर हाऊसवर शिफ्ट करतो, तरी ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

एरेशन (पाण्यात हवा मिसळणं), तुरटी, सेटलिंग (गाळ खाली बसवणं), फिल्टर, क्लोरीन हा पाणी शुद्ध करायचा क्रम तुम्हाला येतोय असं धरून चालतो.

तर गणित असं होतं. प्लँट 2 एमएलडीचा (रोज वीस लाख लिटर पाणी), क्लोरीनचा डोस 2 पीपीएम (लिटरला 2 मिलिग्रॅम), टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरमध्ये 25 टक्के क्लोरीन, तर रोज पावडर किती? एमएलडी गुणिले पीपीएम म्हणजे थेट किलो, म्हणून 4 किलो. इथपर्यंत बरोबर. पुढं मी 4 ला 25 टक्क्यांनी गुणलं, 1 किलो आलं, ऑप्शनमध्ये 1 होतंच, टिक केलं आणि खुशीत बसलो. चुकणारे काय चुकणार हे पेपर काढणाऱ्याला माहीत असतं, म्हणून चुकीचं उत्तर ऑप्शनमध्ये असतंच असतं. तोंडीला असेसरनं तेच विचारलं, "वीस लाख लिटर पाण्याला एक किलो पावडर? नळाला क्लोरीन सापडंल का तुमच्या?" मी गप्प.

क्लासवाल्यानं फॉर्म्युला पाठ करून घेतला होता, का भागायचं ते सांगितलं नव्हतं. ते सांगितलं प्लँटवरच्या एका जुन्या ऑपरेटरनं, सगळे त्यांना आबा म्हणायचे. ते म्हणाले, "लेका, कारखान्याचा उतारा बारा टक्के. मला बारा किलो साखर पाहिजे. ऊस किती तोडू?" मी म्हटलं शंभर किलो. "मग बाराचे बारा टक्के काढून दीड किलो का नाही म्हणालास?" बस, तिथं डोक्यात उजेड पडला. क्लोरीन म्हणजे साखर, पावडर म्हणजे ऊस. साखरेपेक्षा ऊस कायम जास्तच लागणार, म्हणून 4 भागिले 0.25, म्हणजे 16 किलो. उत्तर शुद्ध क्लोरीनपेक्षा कमी आलं की समजायचं, गुणलंय.

याचा दुसरा काटा म्हणजे पोत्यावरचा आकडा. ताजी पावडर 33 टक्क्यांच्या आसपास असते, पण पावसाळ्यात ओलीला पडून राहिली की क्लोरीन उडतो. समजा 20 टक्क्यांवर आली, तर त्याच 4 किलोला 12 ऐवजी 20 किलो पावडर लागते. गणितात "साठवणीनंतर स्ट्रेंथ अमुक" असं लिहिलेलं असतं आणि आपण घाईत वरचाच आकडा उचलतो. मी उचललाय, म्हणून सांगतोय.

आणि यूट्यूबवर अमेरिकेतल्या ऑपरेटर परीक्षेचे व्हिडिओ बघताना 8.34 पाठ करू नका. तो त्यांच्या गॅलन आणि पौंडांचा हिशोब आहे, त्यांचं एक गॅलन पाणी 8.34 पौंड भरतं म्हणून. आपल्याकडं लिटर आणि किलो, त्या आकड्याचं कामच नाही. माझ्या बॅचच्या एकानं एमएलडीच्या गणितात 8.34 घातला होता, बिचारा.

प्रॅक्टिकलला जार टेस्ट, म्हणजे तुरटीचा योग्य डोस शोधायची चाचणी, येतेच. 10 ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवली की त्यातला 1 मिली म्हणजे एक लिटरच्या बीकरला 10 पीपीएम, एवढं पक्कं ठेवा. आधी मिनिटभर जोरात फिरवायचं, मग पंधरा-वीस मिनिटं हळू, मग थांबवून बघत बसायचं. पावसाळ्यात कृष्णेचं लाल पाणी आणून एकदा स्वतः करा. सहा बीकरमध्ये डोस वाढत जातो, पहिल्या दोनमध्ये चहासारखं गढूळच राहतं, आणि मग एकात अचानक कापसासारखे गोळे धरतात आणि खाली बसायला लागतात. ते डोळ्यानं बघितलं की पुस्तकातली चार पानं आपोआप कळतात. ते बघितल्याशिवाय परीक्षेला बसू नका, सरळ सांगतो.

आकडे फार नाहीत, घाबरू नका. टर्बिडिटी, म्हणजे गढूळपणा, 1 एनटीयू (ते मोजायचं एकक), दुसरा पर्याय नसेल तर 5 पर्यंत. पीएच 6.5 ते 8.5. नळाला शिल्लक क्लोरीन किमान 0.2 पीपीएम. ई. कोलाय जंतू 100 मिलीत अजिबात नाही. क्लोरीन घातल्यावर निदान अर्धा तास संपर्क. ओटी टेस्टला (शिल्लक क्लोरीन रंगावरनं मोजायची ऑर्थोटोलिडिन चाचणी) पिवळा रंग लगेच वाचायचा, चहा पिऊन आल्यावर नाही, कारण उशीर केला की कम्बाइन्ड, म्हणजे अमोनियाशी जोडलेल्या, क्लोरीनचाही रंग चढतो आणि आपल्याला वाटतं लई आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी "हमखास प्रश्न" वाली पीडीएफ मी पैसे देऊन घेतली होती. त्यात उत्तरंच चुकलेली. तेवढ्या पैशात आठवडाभर प्लँटवर एसटीनं जाऊन-येऊन झालं असतं. ऑपरेटर लोक पहिल्यांदा हाकलतात, दोन-तीन दिवस गेलात, झाडू मारायला पण तयार दिसलात की सगळं दाखवतात.

तोंडीत क्लोरीन गळतीचा प्रश्न धरून चला. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून वारा जिकडून येतो तिकडं आणि उंचावर जायचं. गळती शोधायला अमोनियाचा बोळा, पांढरा धूर निघतो तिथं गळती. गळक्या टोनरवर, म्हणजे क्लोरीनच्या मोठ्या सिलिंडरवर, पाणी मारायचं नाही. यात अडखळलात तर बाकी कितीही येऊ दे, असेसरचं तोंड उतरतं, आणि मला विचाराल तर उतरायलाच पाहिजे.

आता एक सोडवून बघा, कॅल्क्युलेटर न घेता. प्लँट 3 एमएलडी, डोस 2.5 पीपीएम, पावडर 25 टक्के. 30 किलो आलं तर जावा परीक्षेला. दोनच्या आत आलं असेल तर परत उसाच्या फडात.