रजा टाकण्याआधी वाचा

घर गुहागरकडे आणि नोकरी मुंबईत असेल, तर रजा जपून वापरा. पहिली शिमग्याला. ग्रामदेवतेची पालखी दारात येते तेव्हा घराला कुलूप नको.

दुसरी मेमध्ये, कारण आंबे आणि रतांबे (कोकमाची फळं) एकदमच अंगावर येतात. हापूस झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, थोडा देठ ठेवून उतरवा. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो. मग पिकायला गवतात रचून आढी लावा.

रतांब्यांना घाई चालत नाही. फोडून बिया-गर मिठात घाला, सालं उन्हात टाका. संध्याकाळी ती त्याच रसात बुडवा, सकाळी परत उन्हात. अशी चार-पाच पुटं द्या. साल काळपट, चिवट झाली की आमसूल झालं. गेल्या वर्षी मी दोन पुटांवर उरकलं. श्रावणात बरणी उघडली तर बुरशी! वळवासाठी ताडपत्री हाताशी ठेवा.

जुलैत भाताची लावणी. तरवा (रोपं) तीनेक आठवड्यांचा झाला की उपटा. आज आपल्याकडे, उद्या शेजाऱ्यांकडे. चहा-भाकरीत हात आखडू नका. गणपतीला तर येताच. ऑक्टोबरात भात कापलंत की त्याच ओलीवर कुळीथ, पावटा पेरा आणि मगच एसटी पकडा.